गुडघ्याखालचं गोंदण

"दाखवा! कुणाच्या गुडघ्याखाली पेआ आहे, पुढे येऊन दाखवा!"

संदेष्टा पेनिआता कर्ण्यातून असा गरजला, की मैदानाच्या कडेच्या नीरफणसावरची पाखरं उडाली आणि पुढच्या रांगेतल्या दोन म्हाताऱ्या रडायला लागल्या. रडण्यासारखं अजून काहीच झालं नव्हतं. पण पेनिआताच्या सभेत उशीर करून चालत नसे. शेजारणीचं रडणं आधी सुरू झालं, तर आपली भक्ती कमी दिसायची.

सालातोआ गावातली घरं त्या रविवारी रिकामी होती. सामोआतल्या या सवाई बेटाच्या दुसऱ्या टोकाहूनसुद्धा गाड्या भरभरून माणसं आली होती. पांढरे कपडे, पांढऱ्या टोप्या, हातात विणलेले पंखे. उलट्या खोक्यांवर फळ्या टाकून मंच केला होता. त्यावर पेनिआता उभा होता, पांढरा कोट, कमरेला लुंगीसारखा पांढरा लावालावा आणि सावलीतही काळा चष्मा. शेजारी स्टुलावर उजवा पाय टेकवून फेरेती बसला होता. गळ्यापर्यंत गुंड्या लावलेला शर्ट, गुडघ्यापर्यंत लावालावा, आणि त्याखाली खोबरेल चोपडून चकाकवलेली नडगी. त्या नडगीवर, लांबूनही दिसेल अशी, काळीभोर नक्षी होती.

पेआ म्हणजे आमचं कमरेपासून गुडघ्यापर्यंतचं गोंदण. हाडाच्या दात्यांची अवजारं ठोकून ठोकून ते काढतात. माणूस ओरडतो, तापतो, सुजतो, आणि जो ते शेवटपर्यंत सोसतो तो पुढे चारचौघांत ताठ मानेने बसतो. गुडघ्यावर ते संपतं. त्याच्याखाली ते आजवर कुणी उतरवलेलं नाही.

"हा फेरेती," पेनिआता सांगू लागला, "उपोलू बेटावर एका झोपडीत मरायला टेकला होता! नडगीचं मांस गेलेलं, हाड उघडं! डॉक्टर म्हणाले, कापा! मी म्हणालो, थांबा! मी झऱ्याचं पाणी ओतलं, प्रार्थना केली, आणि भावांनो, बहिणींनो, पिठाचा गोळा फुगावा तसं मांस वर आलं! आणि प्रभू म्हणाला, पेनिआता, उद्या लोक म्हणतील हे मांस गोऱ्यांनी दिलं. म्हणून त्यावर मी सामोआची मोहोर मारतो. जन्मात पेआ न घेतलेल्या माणसाच्या पायावर प्रभूने स्वतः पेआ काढला!"

"आमेन!" मैदान दणाणलं.

सगळ्यात मागे, शाळेच्या कुंपणाला टेकून माटालेना उभी होती. ती सालातोआच्या शाळेत विज्ञान शिकवायची. तिने "आमेन" म्हटलं नाही. तिच्या दोन्ही बाजूंना माणसांनी जागा सोडली होती, कारण ती नवऱ्याला खाऊन बसलेली बाई आहे असं गाव मानत होतं.

तिचा नवरा एलिया गेल्या वर्षी गेला. अळकुड्यांची पोती भरलेली गाडी लाव्हाच्या खडकांवरून उलटली आणि त्याचा पाय तिच्याखाली आला. हाड बाहेर, मांस खरवडून गेलेलं. फेरीबोटीने त्याला उपोलूवरच्या आपिया शहरातल्या इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टर वाइओलाने जखम धुतली, हाडाला बाहेरून लोखंडी दांड्या लावल्या आणि माटालेनाला सांगितलं, "बाई, पाय वाचू शकतो. पण उघडं हाड असं राहिलं तर वाळतं, मग सडतं. त्याच्यावर जिवंत मांस घालावं लागेल. न्यूझीलंडहून सर्जनांची टीम येते आहे. तोवर याला हलवू नका."

माटालेना कपडे आणायला आणि मुलांना सासूकडे सोडायला गावी आली. परत गेली तर खाट रिकामी. गावचा मुख्य मताई तुइमालो एलियाला आपला माणूस म्हणून घेऊन गेला होता. सोबत पेनिआता होता आणि पाय दाखवायला फेरेती. मताई म्हणजे घराण्याचा प्रमुख. तो आला आणि "चल" म्हणाला, तर एलियासारखा साधा माणूस नाही कसं म्हणणार? तेही जादूचा पाय डोळ्यांसमोर असताना?

एलियाला तुइमालोच्या घरात चटईवर ठेवलं. पाणी ओतलं, स्तोत्रं म्हटली. पाय काळा पडत गेला. माटालेना तुइमालोच्या पाया पडली, पेनिआताच्या पडली. "बोटीत घाला हो त्याला, मी एकटी घेऊन जाते!" तेव्हा पेनिआताने चष्मा न काढता सगळ्यांना सांगितलं, "पाय बरा होत होता. याच्या बायकोच्या पोटात अविश्वास आहे, त्याने तो सडतो आहे." शेवटी तापाने एलिया बरळायला लागला, तेव्हा तुइमालो घाबरला आणि बोट मिळाली. एलिया समुद्राच्या मधोमध गेला. किनारा दिसतही नव्हता.

आणि त्या दिवसापासून गाव म्हणत आलं की बाईच्या शंकेने माणूस मेला.

"पुढच्या रविवारी!" मंचावरून पेनिआता ओरडत होता, "या मंचावर तुइमालोची लेक उभी राहील! आपल्या पायांवर!"

तुइमालोची लेक सुलामिता धक्क्यावर मागे येणाऱ्या ट्रकखाली सापडली होती. आपियाच्या त्याच इस्पितळात ती पडून होती आणि पायाला तशाच लोखंडी दांड्या होत्या. तुइमालो उठून उभा राहिला आणि भरल्या आवाजात म्हणाला, "या आठवड्यात मी तिला घरी आणतो."

खोटं कशाला सांगू? माटालेनाच्या मनात पहिला विचार आला तो असा: आण. तुझ्याही घरात तो वास येऊ दे. तूही चटईशेजारी बसून बोटं काळी पडताना बघ. सुलामिता तिचीच विद्यार्थिनी होती. मुलगी हुशार, हसरी, दंगेखोर. तरीही हाच विचार आला. त्या दुपारी माटालेना बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवली.

जेवण तुइमालोच्याच घरी होतं. पाहुण्यांच्या पंगतीवरच्या माश्या वारायचं काम गावच्या बायका आळीपाळीने करतात. ती पाळी माटालेनावर आली, किंवा मुद्दाम आणली. नवरा गेलेल्या बाईला पंगतीत राबवलं की ती ठिकाणावर येते, असं काही बायकांना वाटायचं. ती पंखा घेऊन बसली ती फेरेतीच्या उजव्या हाताला.

पेनिआता डुकराच्या पाठीचा कुरकुरीत भाग निवडून खात होता. देवाला डुकराचं काय आवडतं ते त्याला नेमकं माहीत होतं.

एक माशी फेरेतीच्या पावलावर बसली. त्याने पाय झटकला. माशी उडाली, नडगीवरच्या नक्षीवर बसली आणि तिथे फिरायला लागली. दुसरी आली, तिसरी आली. फेरेती आरामात नारळाच्या दुधातला अळकुडा खात राहिला. त्याला पत्ताच नव्हता.

माटालेनाचा पंखा थांबला. तिने पहिल्यांदाच तो पाय इतक्या जवळून पाहिला. नक्षीचा तो भाग होडीच्या आकाराचा होता, आजूबाजूच्या कातडीपेक्षा जरा फुगीर, गुबगुबीत. त्याच्या कडेने चारी बाजूंनी एक गुळगुळीत फिकट रेघ गेली होती. आणि नक्षीतली प्रत्येक ओळ त्या रेघेपाशी येऊन कचकन तुटत होती. अर्धा त्रिकोण. अर्धी गोम. मध्येच संपलेल्या पट्ट्या.

शाळेत फळ्यावर अर्धी आकृती काढून ती पोरांना विचारायची, उरलेली कशी असेल? आता तोच प्रश्न तिने स्वतःला विचारला. जो देव गोंदण काढतो, तो ओळ अर्धी का सोडेल? आणि या अर्ध्या ओळींचा उरलेला अर्धा भाग कुठे आहे?

"बाई, माश्या!" पेनिआता खेकसला. "लक्ष कुठे आहे?"

"तुमच्या चमत्काराकडे," माटालेना म्हणाली आणि पुन्हा वारा घालू लागली.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या ऑफिसातून तिने डॉक्टर वाइओलाला फोन लावला.

"डॉक्टर, तुम्ही एलियाच्या हाडावर मांस घालणार होता ते कुठून आणणार होता?"

 डॉक्टर म्हणाली, "त्याच्याच मांडीतून. कातडी, चरबी आणि त्यांना रक्त पुरवणारी धमनी आणि शीर, असा अख्खा तुकडा काढायचा. तो पायावर ठेवायचा आणि त्या रक्तवाहिन्या पायाच्या रक्तवाहिन्यांना जोडायच्या. सूक्ष्मदर्शकाखाली, केसाहून बारीक धाग्याने. रक्त वाहायला लागलं की तुकडा तिथे जगतो आणि हाड झाकतो."

"त्या तुकड्याला माशी बसलेली कळते?"

"बहुतेकदा नाही. रक्त जोडलं तरी मज्जातंतू जोडलेले नसतात. जाणीव आली तर पुढे थोडी येते. का हो?"

"आणि मांडीवर पेआ असेल तर?"

 "गोंदणाची शाई कातडीत खोल असते, माटालेना. कातडी जाईल तिकडे ती जाते. कुठलाही सर्जन सांगेल तुम्हाला, त्यात चमत्कार काही नाही. मांडीवर मात्र भोक राहतं. त्यावर पातळ कातडी लावतात, चिरा पाडून ताणलेली. बरी झाली तरी मासेमारीच्या जाळ्यासारखी दिसते." मग ती हळूच म्हणाली, "तुम्ही कुणाबद्दल विचारता ते मला कळतंय. मी त्याला तपासलेलं नाही आणि तपासलं असतं तर बोलले नसते. पण सुलामिता माझ्या वॉर्डात आहे. टीम परवा येते आहे. तिचा बाप उद्या तिला न्यायला येणार म्हणतो. मुलगी सज्ञान आहे, पण बापापुढे नाही म्हणायची तिची हिंमत नाही. तिच्याशी बोलता?"

माटालेनाला बोलायचं नव्हतं. पण फोन सुलामिताच्या हातात गेला होता.

"बाई? बाई, मला पाय हवाय." पोरगी रडत नव्हती, भराभरा बोलत होती. "बाबा म्हणतात संदेष्ट्याने फेरेतीचा केला तसा माझाही करेल. बाई, एलियाकाकांचाही करणार होता ना तो? खरं सांगा, काका तुमच्यामुळे गेले का?"

गावात हा प्रश्न सगळ्यांनी एकमेकांना विचारला होता. तिला तोंडावर विचारणारी ही पहिलीच.

"नाही," माटालेना म्हणाली. "सडलेल्या पायामुळे गेले. तू तिथून हलू नकोस. बापाला सांग, रविवारची प्रार्थना झाली की येईन. एवढी मुदत माग. आणि टीम आली की ऑपरेशन करून घे."

"आणि बाबा चिडले तर?"

"त्यांच्याकडे मी बघते."

फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं, की सूड आता आणखी मोठा मिळू शकतो. तुइमालोचं घर सडून काय होणार? पेनिआता तर पुढच्या गावी जाऊन पाणी ओतत राहील. त्याला त्याच्याच मंचावर, त्याच्याच तोंडाने बुडवायचा.

तिने बस पकडली आणि बेटाच्या पश्चिमेला म्हाताऱ्या लेसाकडे गेली. लेसा गोंदणाचा उस्ताद. अर्ध्या बेटाच्या मांड्या त्याच्या हाताखालून गेलेल्या, आणि मोठमोठे मताई त्याच्यासमोर मान खाली घालून बसत. माटालेनाने अंगणातल्या वाळूत काडीने ती तुटकी नक्षी काढली. लेसा ती बघत राहिला. मग त्याने काडी तिच्या हातातून घेतली आणि गोमेच्या पायांमधली एक जागा दाखवली.

"इथे एक पाय राहिलाय. तूच विसरलीस की तिथेही नाही?"

"तिथेही नाही, आजोबा."

"हं. एका वर्षी माझ्या अवजाराचा एक दाता मोडला होता. नवं करीपर्यंत मी दोघांचंच काम केलं. एक देवाघरी गेला. दुसरा न्यूझीलंडला सफरचंदं तोडायला गेला." म्हाताऱ्याने काडी मोडून टाकली. "फेरेती नाव त्याचं. मांडीला हात लावला की आईला हाका मारायचा. आणि तू ही नक्षी उलटी काढली आहेस, पोरी. डोकं खाली, पाय वर."

"त्याच्या नडगीवर तशीच आहे."

"नडगीवर?" लेसा उठलाच. "माझं काम? नडगीवर? रविवारी येतो मी."

रविवार आला. गर्दी आधीपेक्षा जास्त. तुइमालो पहिल्या रांगेत, तोंड पडलेलं, कारण लेकीने आयुष्यात पहिल्यांदा मुदत मागितली होती आणि डॉक्टरांनी त्या मुदतीत तिला ऑपरेशनच्या टेबलावर घेतलं होतं. पेनिआता त्यावरच तापला होता.

"बापाने उशीर केला! लेकीला चिरलं! पण घाबरू नका, चिरलेलंसुद्धा माझा प्रभू पुसून टाकतो! आणा तिला माझ्याकडे!"

"मला साक्ष द्यायची आहे," माटालेना म्हणाली.

ती गर्दीतून पुढे आली आणि मंचापुढे गुडघे टेकून बसली.  पेनिआताच्या चेहऱ्यावर असं हसू पसरलं, की ते झाकायला चष्मासुद्धा पुरेना.

"पाहिलंत? जिच्या अविश्वासाने नवरा गेला, ती शरण आली! ये, बहिणी, ये. बोल!" त्याने तिला वर घेतलं आणि माइक तिच्या तोंडासमोर धरला.

"मी फार शंका घेतल्या," माटालेना म्हणाली. "आज त्या सगळ्या फिटू देत. संदेष्टे, सगळ्यांसमोर एकदा सांगा. या फेरेतीच्या अंगावर हा नडगीवरचा सोडून दुसरा पेआ आहे का?"

"नाही! भित्रा माणूस हा! अवजार बघून पळाला होता!"

"बायबलवर हात ठेवून?"

पेनिआताने झोकात हात ठेवला. "या पुस्तकाची शपथ! या देहावर माणसाने एक ठिपकाही काढलेला नाही!"

"ऐकलंत ना, तुइमालो?"

"ऐकलं," तुइमालो म्हणाला.

"मग आता फेरेतीचा शर्ट मागून वीतभर वर करा. पेआ कमरेच्या वर, पाठीवर सुरू होतो. पाठ कोरी निघाली, तर मी आजन्म या माणसाची भांडी घासेन."

 पेनिआताने माइक हिसकावला. "पवित्र देह! पवित्र देहाला हात लावाल तर हात झडतील!"

"माझा हात लागून गेलाय त्याला," मागून खणखणीत आवाज आला. लेसा काठी टेकत पुढे येत होता आणि गर्दी आपोआप दुभंगत होती. "बरेच दिवस लागला होता. झडला नाही अजून." तो फेरेतीच्या पायाशी वाकला, नक्षी निरखली आणि काठीने एक जागा दाखवली. "गोमेचा एक पाय कमी. मोडका दाता माझा. ही ओळ मी तुझ्या मांडीवर काढली होती ना रे? की देवाने माझं अवजार उसनं नेलं होतं, मोडक्या दात्यासकट? आणि तुझा देव नक्षी उलटी का काढतो?"

गर्दीत कुणीतरी फिस्सकन हसलं. ज्या मैदानात वर्षभर नुसती आसवं गळत होती, तिथलं ते पहिलं हसू.

"बोल, पोरा," लेसा म्हणाला.

फेरेतीने पेनिआताकडे पाहिलं. मग तो उठला, पाठ फिरवली आणि आपल्याच हाताने शर्ट वर केला. पाठीवर, कमरेच्या वर, होडीच्या आकाराचा रुंद काळा पट्टा होता. पूर्ण पेआचा माथा. मग त्याने लावालावा मांडीवर खोचला, जसा पेआ मिरवणारे पुरुष खोचतात. दाट काळ्या नक्षीच्या मधोमध होडीच्या आकाराची जागा कोरी होती. तिथली कातडी फिकट, चकाकती, जाळ्यासारखी. आणि तिच्या कडेला उरलेले अर्धे त्रिकोण, अर्ध्या पट्ट्या, गोमेचं उरलेलं अर्धं अंग.

"सफरचंदाच्या बागेत गाडी अंगावर उलटली," फेरेती खाली बघत म्हणाला. "तिथल्या सर्जनांनी दिवसभर उभं राहून पाय वाचवला. मांडीचा तुकडा इथे लावला. मी घरी आलो तर माझ्या गावची पोरं म्हणाली, फाटकी चटई आली. इतकं सोसून घेतलेला पेआ, त्याला भोक! मी लाजेने गावात फिरकत नव्हतो. मग हा मला आपियाच्या बाजारात भेटला. म्हणाला, मांडी झाक, नडगी दाखव. तुला कुणी हसणार नाही, तुझ्या पाया पडतील." तो माटालेनाकडे वळला. "एलियाला मी पाय दाखवला, बाई. तो म्हणाला, मग माझाही होईल. मला तेव्हा बोलायला हवं होतं."

"हो," माटालेना म्हणाली. "हवं होतं."

 ती मैदानाकडे वळली आणि कर्ण्याशिवाय बोलली. वर्गात बोलायची तसं. मांस कुठून आलं, धमनी कशी जोडली, शाई कातडीबरोबर कशी गेली, माशी का कळली नाही. पोरांना कळेल अशा भाषेत सांगितलं, म्हणून म्हाताऱ्यांनाही कळलं.

पेनिआता तेवढ्यात मागे मागे सरकत होता. माइकची वायर त्याच्या पायात गुंतली, खोकं कलंडलं आणि संदेष्टा मंचावरून खाली लाव्हाच्या दगडांवर आदळला. उठायला गेला तर उजवं पाऊल भलत्याच दिशेला.

"आई गं! पाय! पाय मोडला!" चष्मा कुठल्या कुठे उडाला होता. "गाडी काढा! डॉक्टरकडे न्या! कुणीतरी डॉक्टरला बोलवा रे!"

जमावाला हे समजायला क्षणभर लागलं. मग जे हसू फुटलं, ते आंबट, भयंकर होतं. पोरांनी दगड उचलले.

"दगड खाली ठेवा," माटालेना म्हणाली. मंचावर झऱ्याच्या पाण्याच्या बाटल्यांची रांग होती. तिने एक उघडली, पेनिआताजवळ बसली आणि सुजणाऱ्या घोट्यावर सावकाश ओतली. "घे. तुझंच पाणी. मांस पिठासारखं फुगतं ना याने? तुइमालोच्या घरात चटई घालू तुला. माझ्या नवऱ्याला घातली होती तिथेच. आम्ही सगळे स्तोत्रं म्हणू. आणि नाहीच झालं बरं, तर तुझ्या पोटातला अविश्वास."

चार माणसं खरंच पुढे झाली. त्यांनी त्याच्या काखेत हात घातले.

"नको! नको, बाई! पाया पडतो!"

"मग बोल. माझा नवरा कशाने मेला?"

"पाय सडून."

"कुणाच्या शंकेने?"

"कुणाच्या नाही. दवाखान्यातून आणला म्हणून."

"आणि पाणी?"

"पाण्याने काही होत नाही! साधं पाणी आहे ते!"

"कर्ण्यात सांग."

कर्णा चालू होता. पेनिआताने रडत रडत कर्ण्यात सांगितलं. सालातोआने ऐकलं, रस्त्यापलीकडे थांबलेल्या गाड्यांनी ऐकलं.

मग तिने गाडीला वाट करून द्यायला लावली. दया आली असेल, असं पुढे गावात कुणीकुणी म्हणायचं. ते खोटं आहे. पाय सडला की घरात कसला वास येतो ते तिला माहीत होतं, आणि तो वास तिला गावात पुन्हा नको होता. आपियात डॉक्टरांनी पेनिआताचं हाड प्लेट घालून नीट बसवलं. पोलीस खाटेशेजारी बसून होते. गावसभेने त्याला बेटावरून हद्दपार केलं ते वेगळं.

माटालेना सुलामिताला बघायला गेली, तेव्हा वाइओलाने पोरीच्या नडगीवरच्या नव्या मांसाला पेनाएवढं एक यंत्र टेकवलं. त्यातून आवाज आला, फुस्... फुस्... फुस्. "रक्त वाहतंय," डॉक्टर म्हणाली. "मांडीचं मांस, पायाचं रक्त." सुलामिता हसली. माटालेनाही हसली, आणि मग व्हरांड्यात जाऊन भिंतीशी उभी राहिली. हा आवाज एलियाच्या पायातून आला असता. तिला वाटलं, पेनिआताची दुसरी तंगडीही मोडायला हवी होती.

पुढच्या शनिवारी, सूर्य उगवता उगवता, तुइमालो तिच्या दारात येऊन बसला. आमच्याकडे रीत आहे. ज्याने घोर अपराध केला, त्याच्या घराण्याचा प्रमुख मान खाली घालून, अंगावर बारीक विणीची मौल्यवान चटई पांघरून, ज्याचं नुकसान केलं त्याच्या घरापुढे बसतो. घरच्यांनी चटई उचलली की क्षमा. मारलं तरी तक्रार नाही. गाव कुंपणाबाहेर गोळा झालं.

माटालेनाने चहा केला. पोरांना जेवू घातलं. उन्हं चढली. चटईखालचा माणूस हलला नाही. दीर म्हणाला, "वहिनी, पुरे आता. मताई आहे तो."

"एलिया किती तळमळला ते मोजायला नव्हतं कुणी आलं," ती म्हणाली आणि कपडे धुवायला बसली.

ऊन डोक्यावर आलं, तेव्हा ती बाहेर आली आणि कुंपणाबाहेरच्या लोकांना म्हणाली, "मी ही चटई उचलणार आहे, कारण रीत आहे. माझा राग फिटलेला नाही आणि फिटावा असं मला वाटतही नाही. हा माणूस दुष्ट नव्हता. याने एक पाय पाहिला आणि एक प्रश्न विचारला नाही. तुम्हीही विचारला नाहीत. उद्या दुसरा कुणी येईल, दुसरं काही दाखवेल. तेव्हा त्याला विचारा: हे कसं झालं? आधी कोणी पाहिलं होतं? झाकलेलं आहे ते दाखव. खऱ्या माणसाला प्रश्नाचा राग येत नाही. डॉक्टर मला सगळं समजावून सांगत होती, दोनदा, तीनदा. आणि पेनिआता मात्र शंका घेतली म्हणून मला खुनी ठरवत होता. एवढ्यावरूनच ओळखायला हवं होतं आपण. पाय मोडला तर बोट पकडा. प्रार्थना करायची तर बोटीत बसून करा."

मग तिने चटई उचलली. तुइमालोचा चेहरा घामाने निथळत होता आणि डोळे लाल झाले होते. तो काही बोलायला गेला, पण तिने हात केला.

"सुलामिताचं ड्रेसिंग सोमवारी आहे," ती म्हणाली. "पहिल्या बोटीने जा. आणि रस्त्यात कुणी पाण्याची बाटली दिली, तर पिऊन टाका."